चांदण्याचा शब्द

धुकं एवढं दाट होतं की योकेलच्या कुरणात उभं राहून योकेलचा गोठा दिसत नव्हता, नुसता वास येत होता. रात्रीचं दहिवर गवतावर गोठून पांढरं पडलेलं. मारलीस रुप्पेल रबरी बूट घालून शेणकाट्यानं उलटी ढेकळं सुलटी करत होती. ढेकूळ काट्यावर घ्यायचं, गवताची बाजू वर करून खड्ड्यात बसवायचं, टाचेनं दाबायचं. मग दुसरं. रानडुकरं एका रात्रीत नाकानं जेवढं उलथून ठेवतात, तेवढं बसवायला माणसाला आठवडा पुरत नाही. आणि ते काम, ज्यानं शिकारीचं रान खंडानं घेतलंय त्याच्या गळ्यात येतं. आमच्याकडे तसा कायदाच आहे. एरवी डुकरं कुणाची नसतात. नुकसान केलं की खंडकऱ्याची होतात.

धुक्यातून आधी ट्रॅक्टर ऐकू आला, मग त्याचे दिवे दिसले, मग फोल्कर योकेलची टोपी.

"मारलीस, नांगरट लई झ्याक झालीय बघ," तो वरूनच म्हणाला. "डिझेल बी लागलं न्हाई. आता ह्यात पेरू काय, तेवढं सांग."

"बटाटे लाव. आमच्या डुकरांना आवडतात."

"आमची म्हणालीस बरं का. ऐकलं मी."

"नुकसानीपुरती आमची. सॉसेज झालं की तुझी होतात, फुकट मागायला येतोस तेव्हा."

एरवी योकेल हसला असता. आज त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"चेष्टा ऱ्हाऊ दे. माझ्या बापाच्या काळापासनं हितवर कधी डुक्कर आलं न्हवतं. वरच्या रानात खायची, वरच्या रानात लोळायची. आता गोठ्याच्या भिंतीला नाक घासत्यात. परवा तर दिवसाउजेडी पिल्लं माझ्या उकिरड्यात. वरती काय तरी बिघडलंय, मारलीस."

"मलापण कळेना झालंय. बघते."

"बघ. आन् ते रात्रीचं दिसायचं यंत्र घेऊन टाका एकदा. साऱ्या गावांनी घेतलं. तू आन् एकहार्ड, दोघंच अजून चंद्र उगवायची वाट बघत बसताय, लगीन ठरल्यावानी."

 तिनं पुढचं ढेकूळ उचललं. तिची कंबर दुखत होती, आणि त्याहून जास्त तिला लाज वाटत होती. योकेलनं अजून रीतसर तक्रार केली नव्हती. शेजारधर्म म्हणून थांबला होता. किती दिवस थांबेल?

मारलीसनं उभी हयात शाळेची बस चालवली. आमच्या आसपासच्या गावांतली आज जी माणसं चाळिशीच्या पुढं गेलीत, त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी तिच्या बसमध्ये ओकलेला आहे, आणि ती ते विसरलेली नाही. नगराध्यक्ष भाषणाला उभा राहिला की ती शेजारणीच्या कानात सांगते, "हा डावीकडं, मागच्या दाराजवळ. रविवारचा केक खाऊन आला की हमखास." तिचा नवरा बर्थोल्ट छपरं शाकारायचा. दगडी पाट्यांची छपरं, आमच्या भागात असतात तशी. बर्थोल्ट आणि लाकडाच्या गिरणीतला एकहार्ड श्लिट या दोघांनी मिळून गावावरच्या रानाचा खंड घेतला तेव्हा मारलीसचं काम फक्त सॉसेज भरायचं होतं. पुढं तिला वाटलं, भरायचं आपण तर मारायचं का नाही. चाळिशी उलटल्यावर ती शिकारीच्या परीक्षेला बसली, आणि नवऱ्यानं शिकवलं की भांडणं होतात म्हणून एकहार्डनं तिला शिकवलं.

एकहार्ड जुन्या वळणाचा. नेम धरायला त्यानं तिला चार संध्याकाळींत शिकवलं असेल. बाकीचा हिवाळा नेम लागल्यानंतर काय करायचं यात गेला. मेलेल्या जनावराला उजव्या कुशीवर निजवायचं, काळजाची बाजू आभाळाकडं. टोपी काढायची. जवळच्या झाडाची डहाळी मोडायची, सुरीनं कापायची नाही. एक तुकडा जनावराच्या तोंडात द्यायचा, तो त्याचा शेवटचा घास. एक आपल्या टोपीला लावायचा. आणि पिल्लांच्या आईवर बार टाकायचा नाही, कधीच नाही.

"हे केलं नाही तर आपण नुसते खाटीक," तो म्हणायचा.

"खाटीक बरा की," मारलीस म्हणायची. "त्याच्याकडं निदान गरम पाणी असतं."

तो रागवायचा नाही. नीट करेपर्यंत तिला पुन्हा पुन्हा डहाळी मोडायला लावायचा.

चांदण्याचा शब्द मात्र बर्थोल्टचा. खंडाच्या कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी गुत्त्यात तो म्हणाला होता, "रात्रीचं बसायचं ते चांदण्यात. अंधार डुकरांचा. त्यांना पण कुठंतरी निर्धास्त राहू दे." मारलीससकट तिघांनी हातावर हात ठेवला. तेव्हा त्यात काही मोठेपणा नव्हता. अंधारात कुणालाच दिसत नव्हतं. मग यंत्रं आली, सरकारनं डुकरांपुरती मुभा दिली, गावोगावचे शिकारी अमावास्येलाही मचाणावर बसू लागले. तोवर बर्थोल्टची फुप्फुसं गेली होती. शेवटच्या दिवसांत त्यानं एकहार्डला विचारलं, "चांदण्याचं तेवढं पाळशील ना?" एकहार्ड म्हणाला, "पाळीन." मारलीस तिथंच उशी झटकत उभी होती. दफनाच्या वेळी एकहार्डनं कबरीवर शिकारीचं शिंग वाजवलं, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात तिची लाकडं फोडून दिली. बर्थोल्टच्या खुर्चीत तो बसायचा नाही. तिनंच एकदा म्हटलं, "बस रे, खुर्चीला गंज चढेल," तेव्हा बसला.

असं सगळं असताना यंत्राचा विषय घरात आला, तो एकहार्डकडून.

कुरणातून परतल्यावर दुपारी ती कॉफी करत होती. एकहार्ड दारात बूट काढून आत आला, आणि टेबलावर त्यानं एक काळी पेटी ठेवली.

"हे काय?"

"दुकानातून आणलंय. आठवडाभर वापरून बघा, दुकानदार म्हणाला. बघायला काय जातं?"

"आणि शब्द?"

"अगं, बर्थोल्ट असता तर त्यानंच आणलं असतं. त्याच्या वेळी डुकरं कुरणात येत नव्हती. योकेल उद्या तक्रार करेल, परवा दुसरा करेल. मार्चमध्ये खंडाच्या नव्या सह्या आहेत. गाव म्हणेल, ह्या दोघांना डुकरं आवरत नाहीत, दुसऱ्याला द्या." तो थांबला, मग हळू म्हणाला, "आणि तुझे डोळे, मारलीस."

ते खरं होतं, आणि तिनं ते त्याच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता; डॉक्टर म्हणाला, अजून पिकला नाही, थांबा. गेल्या पुनवेला ती मचाणावर बसली होती. समोर काहीतरी काळं उभं होतं. डुक्कर की खोडाचा बुंधा, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बंदुकीतली गोळी काढून घेऊन ती खाली उतरली आणि घरी येऊन गार कॉफी प्यायली. जिनं धुक्यातसुद्धा ब्रेक न मारता बस वळवली, तिला बुंधा ओळखता येईना.

पाच वाजता अंधारायला लागलं तेव्हा तिनं यंत्र डोळ्याला लावलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काहीच दिसलं नाही, नुसता करडा पडदा.

"खिडकी उघड," एकहार्ड लगेच म्हणाला. "काचेतून दिसत नाही ह्यातून."

तिनं खिडकी उघडली. जे जे ऊबदार ते ते पांढरं. अंधारात बुडालेलं परस उठून गेलेल्या जत्रेसारखं वाटायचं तिला एरवी, आता त्यात जागोजाग जीव होता. कुंपणात झोपलेला काळा पक्षी एखाद्या दिव्यासारखा. उकिरडा मंद उजळलेला. योकेलची वासरं ओळीनं, पांढऱ्या पिठाच्या पोत्यांसारखी. भिंतीच्या बुडाशी एक ठिपका पळाला; तो उंदीर होता.

"बाई गं," ती पुटपुटली. "एवढं सगळं असतं होय रोज."

मग उंच वाळल्या गवतात काहीतरी पांढरं हललं. लांबट, पावासारखं. "कोल्हा आहे का रे?"

गवतातून तिची कुत्री आस्टा बाहेर आली. ती गवताबाहेर येईपर्यंत तिचे पाय दिसले नाहीत, डोकं दिसलं नाही, नुसती पाठ.

"आस्टा होती," मारलीस म्हणाली. "घरची कुत्री ओळखू आली नाही मला."

"सवयीनं कळतं. थांब, तुला काळ्याचं पांढरं उलटं करून देतो, डोळ्याला बरं पडतं." त्यानं यंत्र घेतलं. अंधारात न बघता त्याचा अंगठा एका बटनावरून दुसऱ्यावर गेला. बॅटरी उतरली तेव्हा त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून दुसरी काढली आणि बोलता बोलता बदलली. मारलीसनं ते पाहिलं. तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं, की ह्या वयातही हा नव्या वस्तू किती पटकन शिकतो.

किंमत एका जुन्या मोटारीएवढी होती. निम्मा वाटा तिचा. निवृत्त बसवालीकडं तेवढं कुठून असणार? मार्ग एकहार्डनंच सुचवला: बर्थोल्टची तीननळी. दोन नळ्या छर्‍याच्या, एक गोळीची, मुठीवर ओकची पानं कोरलेली जुनी बंदूक. कपाटात नुसती उभी होती. जिल्ह्याच्या गावातला बंदूकवाला अशी जुनी कामं शोधतच असतो.

ती रात्रभर मनाशी नाही म्हणत राहिली आणि सकाळी तिनं बंदूकवाल्याला फोन केला. कुरणातली ढेकळं, योकेलचं तोंड, आपला डोळा आणि मार्चच्या सह्या असं सगळं मिळून तिच्याकडून तो फोन झाला. यंत्रासाठी पैसे हवेत हेही तिनं सांगून टाकलं; बंदूकवाला म्हणाला, उद्या येतो. तिनं तीननळी बाहेर काढली, तेल लावलं, फडक्यानं पुसली, आणि बर्थोल्ट ज्या बाजूला झोपायचा त्या बाजूला पलंगावर आडवी ठेवली. मग तिला घरात बसवेना. आस्टाला घेऊन ती वरच्या रानात गेली. विकायच्या आधी निदान बघू तरी, तिनं ठरवलं, डुकरांचं बिनसलंय काय.

वरच्या रानातल्या कळपाची एक म्होरकी होती. फाटक्या डाव्या कानाची मोठी डुकरीण. तिला मारलीस आणि एकहार्ड मास्तरीणबाई म्हणायचे, कारण ती पुढं आणि बाकी सगळी मागं एका ओळीत, शाळा सुटल्यासारखी. ती ओढा ओलांडून खाली येत नसे, म्हणून कळपही येत नसे. बीच झाडांच्या बिया आणि ओकची फळं वर भरपूर, मग माणसांच्या दारात कशाला जा, एवढं तिला कळत होतं. मारलीसला ती डुकरीण मनातून आवडायची. दोघींचा धंदा एकच, ती म्हणायची, पोरं मोजून न्यायची आणि मोजून परत आणायची. पण ऑक्टोबर लागल्यापासून मास्तरीणबाई तिला दिसली नव्हती.

धुकं विरळ झालं होतं. बीचच्या झाडांखाली, भर दिवसा, पिल्लं होती. उशिराच्या वेतातली, अंगावरचे पट्टे अजून पुरते न गेलेली, बरगड्या मोजता येतील अशी. पाच होती. आस्टाला बघून ती पळाली, पण लांब नाही. एकमेकांना खेटून उभी राहिली आणि कुठं जायचं ते कुणालाच कळेना. मारलीसनं वाट पाहिली. आई आली नाही. रानात चार-पाच महिन्यांच्या पिल्लांची आई नसते तेव्हा ती कुठंतरी मेलेली असते, दुसरं काही नसतं.

आस्टानं नाक खाली घातलं आणि दोरी ताणली. पिल्लांच्या मागं नाही, दुसरीकडं. टेकाडाच्या पलीकडं, जिथं जुनी दगडाची खाण आहे. खाणीत आता कुणी जात नाही. एका कोपऱ्यात स्प्रूसच्या फांद्यांचा ढीग होता, वर दगड. आस्टा ढिगाजवळ बसली आणि एकदाच भुंकली.

मारलीसनं फांद्या ओढून काढल्या. थंडीनं फार खराब झालं नव्हतं. वास होता, पण ओळख शिल्लक होती. फाटका डावा कान. ओढलेली, लोंबलेली आचळं. खांद्यामागं एकच भोक, नेम चांगला. डुकरीण उजव्या कुशीवर निजवलेली होती, काळजाची बाजू आभाळाकडं. आणि मिटलेल्या जबड्यात एक डहाळी होती.

आधी तिला नुसतं हायसं वाटलं, की चोरट्या शिकाऱ्याचं काम नाही. चोरट्याला मटण हवं असतं. तो घास कशाला भरवेल. हे ज्यानं केलं त्याला रीत ठाऊक होती. मग ती खाली वाकली आणि हायसं वाटलेलं तिथंच गोठलं.

डहाळी एर्लच्या झाडाची होती. वाळून काळपट झालेली पानं, त्यात ती बारकी काळी बोंडं. एर्ल ओढ्याकाठी वाढतं, पाण्यात पाय घालून. खाणीच्या आसपास एकही नाही. खाणीत स्प्रूस होतं, काठावर बर्च होतं, वरच ओक. कुणीही ओकची मोडून मोकळा झाला असता. एर्लसाठी टेकाड उतरून ओढ्यापर्यंत जायचं आणि परत चढून यायचं. असं करणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्याचा बाप म्हणायचा, एर्ल मोडलं की लाकूड लाल होतं. जनावराचं रक्त आपण सांडलं तर झाडानंही थोडं सांडावं. बापानं सांगितलं म्हणून एकहार्ड आयुष्यभर एर्लच मोडत आला होता. बर्थोल्ट त्याला चिडवायचा, शिकार एका तासाची आणि डहाळीला दोन तास. लपवायला आणलेल्या डुकरिणीसाठीसुद्धा तो अंधारात खाली जाऊन आला होता.

मारलीसनं डहाळी काढली नाही. फांद्या पुन्हा वर ठेवल्या, दगड ठेवले, आणि आस्टाला म्हणाली, "चल."

एकहार्ड त्याच्या पडवीत करवतीच्या साखळीचे दात घासत बसला होता. तिला बघून तो म्हणाला, "ये. बंदूकवाला काय म्हणाला?"

"खाणीत एर्लचं झाड नाही, एकहार्ड."

त्यानं कानस थांबवली. मग पुढचा दात घासला, त्याच्या पुढचा घासला, जणू एवढी ओळ संपवायचीच होती. मग कानस खाली ठेवली.

"अमावास्या होती," तो म्हणाला. "उंच गवतात एकटंच दिसलं. मोठं. मला नर वाटला. त्यात सगळं पांढरंच दिसतं, मारलीस. पट्टे दिसत नाहीत, आचळं दिसत नाहीत, कान दिसत नाही. बार झाला, आणि मग गवतातनं सहा ठिपके उठले. पळाले नाहीत. तिच्याकडं गेले."

"पाच उरलेत."

त्यानं साखळीवरचा लोखंडाचा कीस फुंकला.

"मला फोन का नाही केलास?"

"पिल्लांची आई मारणं गुन्हा आहे. माझा परवाना गेला असता."

"मी सांगितलं असतं कुणाला?"

"नसतं सांगितलंस. म्हणूनच. तुझ्यावर ओझं कशाला."

"ओझं नको म्हणून महिनाभर ढेकळं उचलायला लावलीस होय मला? रोज सकाळी त्या योकेलची बोलणी खात होते मी. तू कॉफी प्यायला येत होतास. माझ्या हातचा केक खाऊन म्हणायचास, डुकरं का उतरली खाली, काही कळत नाही बुवा."

"मी पण ढेकळं उचलली की."

"उचललीस. रविवारी, तासभर." ती पडवीच्या खांबाला टेकली. पाय थकले होते. "आणि ते यंत्र? दुकानातून आठवड्यापुरतं?"

"वसंतात घेतलं," तो म्हणाला. तिच्याकडं बघत नव्हता. "आधी नुसतं बघायला. कोल्हे, हरणं. वापरणार नव्हतो मी."

"तुला ठाऊक होतं त्यात काय दिसत नाही ते. ते ठाऊक असून मला म्हणालास, बर्थोल्टची तीननळी वीक आणि हे घे."

"तुझ्या डोळ्यांसाठी म्हणत होतो. आईशपथ. ते खोटं नव्हतं."

"खोटं नसेलही. पण आणलंस ते त्यासाठी नव्हतं."

एकहार्डनं हात पुसले. फडक्यानं पुसले, मग विजारीला पुसले. मारलीसच्या लक्षात आलं, की मग कशासाठी आणलं याचं उत्तर तिला त्याच्याकडून ऐकायचंच नाहीये; ते तिला रानातून खाली उतरतानाच सापडलं होतं.

"मी घेतलं असतं तर शब्द मी मोडला असता," ती म्हणाली. "बर्थोल्टची बायको. तिनंच मोडला म्हटल्यावर तुझा कधी मोडला, हे कोण विचारतंय."

त्यानं नाही म्हटलं नाही. 

"बार ज्यानं केला त्यानंच सांगायचं," ती म्हणाली. "हे तूच शिकवलंस मला. शिकार कचेरीला फोन कर. मी करणार नाही. आणि योकेलकडं जा, त्याच्या पायरीवर उभा राहून सांग त्याचं कुरण कुणामुळं उलथलं ते."

"परवाना जाईल."

"जाईल."

"आणि मार्चच्या सह्या?"

"माझी एकटीची होईल."

"एकटीला नाही झेपायचं, मारलीस. एका डोळ्यानं?"

"योकेलला घेईन सोबत. तो शिव्या देतो, पण तोंडावर देतो."

तो उठून उभा राहिला, तिला वाट करून द्यायला की अडवायला, ते त्यालाही ठाऊक नसावं. पडवीच्या खुंटीवर त्याचं शिकारीचं शिंग टांगलेलं होतं, पितळ घासून लखलखीत केलेलं. तिनं तिकडं बघितलं आणि मान वळवली. जे लाकूड त्यानं फोडून दिलं ते खरं, की जे वसंतात विकत आणलं ते खरं, असं तिला त्याला विचारायचं होतं. दोन्ही खरं असणार, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. नुसता लबाड असता तर एका शिवीत काम झालं असतं.

"तिला घास भरवलास," जाता जाता ती म्हणाली. "मला पण गोड बोलण्याचा तसाच घास भरवत होतास महिनाभर. केक खाऊन."

घरी आल्यावर तिनं बंदूकवाल्याला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. तो धंद्यातला माणूस; त्याला वाटलं बाई भाव वाढवतेय. "यंत्र नको मग? बाई, एकदा वापरलं की सुटत नाही बघा. अंधारात सगळं लख्ख."

"वापरलं मी. लख्ख दिसतं. पण आई कुठली आणि नर कुठला ते कळत नाही."

"ते अनुभवानं कळतं, बाई."

"ज्याला माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे त्यालाही कळलं नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग डोळ्याच्या दवाखान्यात लावला. मोतीबिंदू अजून पिकला नसेल तरी चालेल, म्हणाली, मला तारीख द्या.

तीननळी तिनं पलंगावरून उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दिवस कलता कलता योकेलचा फोन आला. "तो येऊन गेला," योकेल म्हणाला.  "मारलीस, मला ठाऊक न्हवतं गं. तुला उगाच टोचून बोलत हुतो. त्यो बी ऐकत हुता की शेजारी बसून, गुत्त्यात. एकदा तर माझ्यासंगं हसला पण."

"हसला?"

"हसला की. म्हणाला, मारलीसला सांग, डुकरांना बसमधी बसवून परत नेऊन सोड."

 आख्ख्या दिवसात मारलीसला एवढं कशानं लागलं नव्हतं. डुकरीण, यंत्र, शब्द, ते सगळं मोठं होतं आणि मोठ्या गोष्टींना माणूस अंग घट्ट करून उभा राहतो. हा एवढासा विनोद मात्र सरळ आत गेला.

"हाईस का?" योकेल म्हणाला.

"आहे. त्या पाच पिल्लांचं बघावं लागेल. हिवाळा नाही काढायची ती. उद्या दिवसाउजेडी जाऊ. तू येशील?"

"यीन. मला बंदूक न्हाई चालवता येत."

"कंदील धरता येतो का?"

"दिवसा?"

"मग थर्मास धर. ये."

त्यानंतर एकहार्डचा फोन आला. तिनं वाजू दिला. आस्टानं एकदा टेबलाकडं पाहिलं, एकदा मारलीसकडं, आणि पुन्हा पंजांवर डोकं ठेवलं.

पडवीत बहिणीनं पाठवलेल्या कोबीचे गड्डे होते, कापून मिठात आंबत घालायचे. आठवडाभर कुरणाच्या नादात तसेच राहिले होते. एकदोघांची बाहेरची पानं पिवळी पडली होती. मारलीसनं ती सोलून टाकली, पातं बसवलेला लांब पाट मांडीवर घेतला आणि पहिला गड्डा पात्यावर ओढायला सुरुवात केली. बारीक पांढरे दोरे खाली परातीत पडू लागले. परात भरली की मूठभर मीठ, मग मातीच्या बरणीत ओतून लाकडी ठोकळ्यानं पाणी सुटेपर्यंत चेचायचं. तिनं बाह्या वर केल्या आणि दुसरा गड्डा घेतला.